क्लब रेसिंगचा खर्च अडवायचा तर आधी टायर बघा

पुण्याच्या हौशी रेसरला खरा सर्किट ट्रॅक हवा असेल तर बऱ्याचदा चेन्नई नाहीतर कोईम्बतूर गाठावं लागतं. गाडी ट्रेलरवर घालून हजार-बाराशे किलोमीटर. तो खर्च नियमांनी अडत नाही. बाकीचा मात्र नियम नीट लिहिले तर बराचसा अडवता येतो. नियम लिहिताना एवढंच विचारायचं: संध्याकाळी पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात), आपल्याकडच्या साधनांनी हे तपासता येईल का? येत नसेल तर त्या नियमाने फक्त सरळ माणूस मागे पडतो.

सगळ्यात जास्त पैसा टायर खातात. ‘ट्रेडवेअर 200 किंवा जास्त’ हा अमेरिकी क्लबांचा नियम उचलू नका. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा; तो जितका कमी तितका टायर साधारणपणे मऊ. तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या टायरला स्वतःच देते, त्यामुळे एकाचे 200 आणि दुसऱ्याचे 200 सारखे नसतात. कुणीतरी जास्त मऊ टायर आणतो आणि सगळ्यांना तोच घ्यावा लागतो. त्यापेक्षा एक कंपनी, एक मॉडेल, एक साइज लिहून टाका. हंगामाला चार टायर आणि एक जादा, साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) क्लबचा नंबर. यातही पळवाट आहे. नव्या टायरची सात-आठ मिलिमीटरची नक्षी तासून निम्मी केली की रबराचे ठोकळे कमी हलतात, कोरड्या डांबरावर वेळ सुधारतो, पण निम्मी नक्षी आधीच वाया जाते. म्हणून नंबर टाकतानाच नक्षीची खोली मोजून वहीत लिहायची.

काहीजण टायर मऊ करायला रसायन चोळतात. ते शोअर-ए ड्युरोमीटरने, म्हणजे रबराचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्राने, पकडता येतं, पण उन्हात तापलेला चांगला टायरही मऊच दाखवतो. त्याच मॉडेलचा एक कोरा टायर रात्रभर स्पर्धेतल्या टायरांशेजारी सावलीत ठेवा, सकाळी ऊन चढायच्या आत दोन्हीवर तीन-तीन रीडिंग घ्या आणि फरक बघा.

इंजिनात सगळ्यात सोपी लबाडी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोल जास्त दाबून ताकद वाढवण्याची. मारुती 800 घ्या: 68.5 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 72 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे एका सिलिंडरला सुमारे 265 सीसी. दाबण्याचं प्रमाण, म्हणजे रेशो, 8.7 धरला तर पिस्टन वर असताना 34.5 सीसी जागा उरते. हेड गास्केट (हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) अर्ध्या मिलिमीटरने पातळ केलं की 1.8 सीसी कमी, रेशो 9.1. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर 2020 पासून पुण्यात मिळतं, म्हणजे असं इंजिन नॉकही करणार नाही (पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडणार नाहीत). उपाय दोन. सगळ्यांनी एकाच पंपावर, एकाच नोझलचं साधं पेट्रोल भरायचं. आणि हंगामाआधी मोजलेल्या इंजिनाच्या हेडचे दोन आणि संपचे (खालच्या तेलाच्या भांड्याचे) दोन बोल्ट भोक पाडून तारेने बांधायचे, वर नंबरचं शिशाचं सील. सील तुटलं तर त्या फेरीचे गुण गेले, कारण काहीही असो. इथे दयामाया दाखवली की पुढच्या फेरीत तीन सीलं ‘चुकून’ तुटतात.

गाडीचं किमान वजन तपासायचं ते शर्यत संपल्यावर, ड्रायव्हर आत बसवून. ट्रकचा वजनकाटा दहा-दहा किलोने वाचत असेल तर पाच किलोच्या फरकावरून कुणाला बाद करू नका; काट्याची तेवढी सूट नियमातच लिहा.

तक्रारीला अनामत ठेवा. रक्कम इंजिन उघडून परत बसवण्याइतकी: गास्केट सेट आणि मेकॅनिकची मजुरी, पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातला आजचा भाव विचारून. गाडी नियमात निघाली तर ही रक्कम तिच्या मालकाला, नाही निघाली तर तक्रारदाराला परत आणि उघडण्याचा खर्च दोषी मालकाकडून.