इमोच्या हातचे

सोलच्या नामदेमुन बाजारात दुकानांच्या गर्दीमागे एक अरुंद बोळ आहे. त्या बोळातल्या छोट्या छोट्या खानावळींची सारी कीर्ती ‘गाल्छी-जोरिम’ या एकाच पदार्थावर उभी आहे. गाल्छी म्हणजे लांब, चपटी, चांदीच्या पट्ट्यासारखी चमकणारी मासळी. दाराशी मांडलेली ती मासळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दुभाष्याची गरज पडली नाही, कारण रत्नागिरीच्या मासळीबाजारात जिला आम्ही वाकटी म्हणतो, तिचीच ही सख्खी बहीण होती. बोळभर जर्मनच्या पोचे पडलेल्या पातेल्यांमधून लाल रस्सा रटरटत होता आणि लसणीच्या वासाने पोटातली भूक जागी झाली होती. एवढ्यावर मी आत शिरले.

शिरले खरी, पण एकटी होते. कोरियात कित्येक पदार्थ किमान दोघांच्या मापानेच मिळतात. त्या देशातली एक तृतीयांशाहून अधिक घरे आज एकट्या माणसाची आहेत आणि एकट्याने जेवण्याला ‘होनबाप’ असा खास शब्दही रूढ झाला आहे, तरी जुन्या खानावळींचे पातेले अजून दोघांच्या हिशेबानेच चुलीवर चढते. मी एक बोट वर केले. साठीच्या पुढच्या, कुरळ्या केसांच्या मालकीणबाईंनी माझ्याकडे, मग भिंतीलगतच्या छोट्या टेबलाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले व हातानेच बसायला सांगितले. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी त्यांना ‘इमो!’ अशी हाक मारली.

हा शब्द मला ठाऊक होता. इमो म्हणजे आईची बहीण. इंग्रजी ज्यांना एकाच ‘आंटी’त कोंबते, ती दोन माणसे कोरियन भाषेत मराठीसारखीच वेगळी आहेत : आईची बहीण इमो, वडिलांची बहीण गोमो; आपली मावशी आणि आपली आत्या. खानावळीतल्या बाईंना हाक मारताना मात्र कोणी त्यांना गोमो म्हणत नाही, जशी आपल्याकडे पोळीभाजी केंद्रातल्या बाईंना कोणी आत्या म्हणत नाही. आत्यांचा यात मुळीच दोष नाही, हे आमच्या आत्यांच्या भीतीपोटी आधीच नमूद करते. पण माय मरो पण मावशी जगो असे म्हणणाऱ्या भाषेतून आलेल्या माणसाला, अन्नाची हाक आईच्याच बाजूच्या नात्याला का जाते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

टेबलाच्या कडेला असलेल्या खणात चमचे आणि चॉपस्टिक्स होत्या. कोरियन चॉपस्टिक्स धातूच्या, चपट्या आणि सडपातळ असतात; लाकडी काड्यांवर हात बसलेल्या माणसाची त्या पहिल्या घासालाच परीक्षा घेतात. मी काही मागण्याआधीच छोट्या बशा येऊ लागल्या : किमची, तिळाच्या तेलात मुरवलेले सोयाबीनचे मोड, तेलमीठ लावून भाजलेली समुद्रशेवाळाची कागदासारखी पाने. या तोंडीलावण्यांना ‘बांछान’ म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि बशी रिकामी झाली की पुन्हा भरून मिळते. किमचीच्या तिखटामागे मला एक ओळखीचा वास येत होता. नंतर कळले की तिच्यात बहुधा खारवलेली बारीक कोळंबी घालतात, आणि ती कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली असते. (शाकाहारी वाचकांनी एवढ्यावरून सावध व्हावे. तिथे वरकरणी निव्वळ भाजीचे वाटणारे सारही पुष्कळदा सुक्या मासळीच्या पाण्यातच उकळलेले असते.)

भात आला तो स्टीलच्या झाकणाच्या वाटीत. ही वाटी कोरियात कुठेही जा, जवळजवळ सारखीच दिसते, आणि त्याला कारण आहे. १९७० च्या दशकात तांदळाची टंचाई होती आणि सरकारला लोकांच्या पानातला भात कमी करायचा होता, म्हणून खानावळींतल्या वाटीचे माप ठरवून देण्यात आले. १९७६ साली सोलने ठरवलेले माप व्यास १०.५ सेंटिमीटर आणि उंची ६ सेंटिमीटर असे होते. टंचाई केव्हाच सरली, वाटी मात्र राहिली. सरकारने एवढ्या मनापासून भात मोजला आणि खानावळींनी तोंडीलावणी मात्र बेहिशेबीच ठेवली, याची मला गंमत वाटते.

वाटी हाताशी असावी म्हणून मी ती उजवीकडे ओढली आणि साराचा वाडगा डावीकडे सरकवला. पातेले घेऊन येणाऱ्या इमो थबकल्या, जिभेने ‘च्च’ केले आणि एक शब्दही न बोलता दोन्ही भांडी अदलाबदल करून ठेवली. भात डावीकडे, सार उजवीकडे. मला वाटले, असेल बाईंची शिस्त. पुढे एका कोरियन सहकारिणीने उलगडा केला : पितरांसाठी पान मांडतात तेव्हा भात आणि सार यांच्या जागा उलट असतात, आणि भातात चमचा उभा खोचतात तोही त्यांच्यासाठीच. मला एकदम आजी आठवली. आमच्याकडे श्राद्धाचे पान उलटे वाढतात, आणि लहानपणी एकदा मी खेळता खेळता ताटात चटणी-कोशिंबीर उजवीकडे वाढली, तेव्हा आजीनेही नेमके असेच ‘च्च’ केले होते.

पातेल्यात तळाशी मुळ्याच्या बोटभर जाड चकत्या होत्या, वर वाकटीचे तुकडे आणि त्यांच्यावर सोया सॉस, लसूण व लाल मिरचीची भरड यांचा आटलेला रस्सा. खरे सांगायचे तर त्या पातेल्यात मासा दुय्यम होता. सगळा रस पिऊन तांबूस, मऊ, किंचित गोडसर झालेला मुळाच खरा यजमान होता, आणि मी भाताची दुसरी वाटी मागितली ती त्याच्यासाठी. सोबतचे वाफवलेले अंडे डोलदार फुगले होते. ते रस्स्याचे तिखट उतरवण्यापुरते ठीक, त्याहून जास्त कौतुक मी करणार नाही. वाकटीच्या दोन्ही कडांना काट्यांची झालर असते. त्या सडपातळ काड्यांनी ती सोडवता सोडवता माशाचा चुरा होऊ लागला, तेव्हा इकडेतिकडे पाहून मी गुपचूप बोटांनी काम सुरू केले. आणि काट्याच्या बाबतीत कोकणी बोटांना कोणी शिकवू नये! दोन मिनिटांत बशीच्या कडेला स्वच्छ काट्यांची रांग लागली. मान वर केली तर इमो कमरेवर हात ठेवून पाहत उभ्या. त्या मोठ्याने हसल्या, ओला टिशू आणून दिला आणि मुळ्याच्या आणखी दोन चकत्या पातेल्यात टाकून गेल्या.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला मी हा पदार्थ करून पाहिला. ताजी वाकटी मिळाली, सोया सॉस मिळाला, काश्मिरी मिरचीची भरडही जमली; मुळा मात्र आपला, सडसडीत आणि उग्र. तासाभरात घरभर असा दर्प सुटला की आईने सगळ्या खिडक्या उघडल्या. मावशीने पातेल्यात डोकावून एक चमचा रस्सा चाखला, क्षणभर विचार केला आणि कोणाला काही न विचारता त्यात पाच-सहा तिरफळे ठेचून टाकली.