'टॉड्री': एका संत राणीच्या नावाची घसरण

वरवर झगमगीत, पण मुळात हलक्या प्रतीच्या वस्तूला इंग्रजीत 'टॉड्री' हे विशेषण लावतात. खोट्या खड्यांचा हार, नको तिथे जर लावलेला पोशाख, हे सारे टॉड्री. आता तर एखाद्या बटबटीत लफड्यालाही हेच विशेषण लागते. हा शब्द मात्र आला आहे तो दागिन्यांचा त्याग केलेल्या एका राणीच्या नावावरून.

पूर्व अँग्लियाचा राजा अ‍ॅना (हे नाव पुरुषाचेच) याची कन्या एथेल्ड्रेडा हिचे दोन विवाह झाले, तरी तिने ब्रह्मचर्य सोडले नाही. दुसरा पती नॉर्थंब्रियाचा राजा होता. त्याचा निरोप घेऊन तिने संन्यास घेतला आणि इ. स. 673 मध्ये केंब्रिजजवळच्या दलदलीतील ईली येथे मठ स्थापला. 679 मध्ये मानेवरच्या गाठीच्या दुखण्याने ती वारली. बीड या संन्यासी इतिहासकाराने 731 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात म्हटले आहे, की तरुणपणी आपण गळ्यात हारांचे व्यर्थ ओझे मिरवले, त्याचेच हे प्रायश्चित्त, असे ती म्हणत असे. गाठ कापणाऱ्या सिनेफ्रिथ या वैद्याची साक्षही बीडने नोंदवली आहे: 16 वर्षांनी शव बाहेर काढले, तेव्हा आपण घेतलेला छेद भरून आलेला दिसला, असे तो सांगतो. चमत्कार बाजूला ठेवला, तरी शस्त्रक्रियेचा इतका जवळून केलेला उल्लेख मला विलक्षण वाटतो.

एथेल्ड्रेडाचे लोकांच्या तोंडी 'ऑड्री' झाले. तिच्या नावाने ईलीत भरणाऱ्या ऑक्टोबरच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात, त्या 'सेंट ऑड्रीज लेस'. भरभर बोलताना 'सेंट'मधला शेवटचा 'ट' पुढच्या नावाला चिकटला आणि 'टॉड्री लेस' तयार झाले. लंडनमधील टूली स्ट्रीट हे नावही असेच 'सेंट ओलाव्ह'मधून घडले आहे.

आरंभी या शब्दात तुच्छता नव्हती. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मधली मोप्सा ही फीत प्रियकराकडे हक्काने मागते, कारण कबूल केलेली ती भेट तिला हवीच असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र स्वस्त, भडक मालाशी या फितींचे नाव जोडले गेले, पुढचा 'लेस' गळून पडला आणि उरले ते केवळ विशेषण.