यशिवा युनिव्हर्सिटीला जाताय? 191ला उतरू नका

बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा. न्यूयॉर्कच्या यशिवा या ज्यू युनिव्हर्सिटीत, म्हणजे वॉशिंग्टन हाइट्समधल्या मुलांच्या कॅम्पसला जायचं असेल, तर 1 नंबरच्या सबवेने 181व्या रस्त्याला उतरा. 191ला नाही.

माझा पुतण्या तिथे शिकतो. फोनवर म्हणाला, "काका, 181 किंवा 191, कुठेही उतरा, जवळच आहे." वीस वर्षांचा पोरगा, पाठीला एक दप्तर, त्याला सगळंच जवळ. माझ्या हातात 23 किलोची बॅग, त्यातली निम्मी त्याच्याचसाठी भरलेली. 191 हे त्या शहरातलं सर्वात खोल स्टेशन, जमिनीखाली सुमारे 55 मीटर. वर यायला लिफ्ट आहेत आणि त्या सेंट निकोलस अ‍ॅव्हेन्यूवर सोडतात. मला ठाऊक नव्हतं. गर्दी चालली तिकडे मीही चाललो, ते थेट एका बोगद्यात. सुमारे 300 मीटर लांब, दोन्ही भिंती रंगाने बरबटलेल्या आणि बॅगेच्या चाकांची खडखड पुढेमागे घुमतेय. बाहेर आलो तो ब्रॉडवेवर, टेकडीच्या पायथ्याशी. कॅम्पस अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर, टेकडीच्या वर. म्हणजे पारसिकच्या बोगद्यातून मुंब्र्याकडे निघावं आणि मग आठवावं की जायचं कळव्याला होतं.

त्यात डिसेंबरातला शुक्रवार, दुपारचे सव्वातीन. ठाण्यात सहाच्या सुमाराला दिवे लावायची आपली सवय. तिथे साडेचारला सूर्य मावळतो आणि शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत पाळायच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या त्याच्या 18 मिनिटं आधी लागतात. एकदा शब्बाथ लागला की पुतण्या फोन उचलणार नाही. चढावर दर कोपऱ्याला थांबत, कोटाच्या आत घामाने भिजून चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो. पोरगा फाटकाशी शांत उभा. म्हणे, "लिफ्ट नाही का घेतलीत?"

हिवाळ्यात शुक्रवारी जाणार असाल तर दुपारी एकच्या आत पोचा. दोनसुद्धा नको.

दुसरा फटका त्याआधीच बसला होता. केनेडी विमानतळावर टर्मिनलच्या आत एकाने "टॅक्सी?" म्हणून गाठलं आणि 140 डॉलर घेतले, तेही कॅम्पसपर्यंत न नेता. आत येऊन विचारणाऱ्याकडे बघूसुद्धा नका. बाहेर रांगेत पिवळी टॅक्सी मिळते, मॅनहॅटनमध्ये कुठेही 70 डॉलर ठरलेले, वर टोल, अधिभार आणि टिप. वॉशिंग्टन हाइट्स मॅनहॅटनमध्येच येतं, कोणी "ते लांब आहे" म्हणालं तरी ऐकू नका. स्वस्तात जायचं तर एअरट्रेनने हॉवर्ड बीच आणि तिथून A गाडी. पण A गाडीचं 181 वेगळं! नाव एकच, स्टेशनं दोन. ते पश्चिमेला फोर्ट वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर आहे, तिथून ब्रॉडवेपर्यंत उतार आणि पुढे पुन्हा चढ. सामान असेल तर नकोच.

मुलगी शिकत असेल तर पत्ताच निराळा. स्टर्न कॉलेज मिडटाउनला, लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला, इथून जवळपास दीडशे रस्ते खाली. दोन्हीला लोक "यशिवा"च म्हणतात, नीट विचारून घ्या.

शब्बाथचे पंचवीस तास आधी आखावे लागतात. पैशाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे जेवणाचं आधीच सांगून ठेवायचं. उतरायला खालचा मजला मागा. मला पाचवा मिळाला आणि बटण दाबायचं नाही म्हणून लिफ्ट बंद. जिने मोजले नाहीत, गुडघ्यांनी मोजले. पत्ता कागदावर लिहून आधीच खोलीत ठेवा, फोनवर विसंबू नका.

कॅम्पसचं म्हणाल तर जुनी इमारत 1920च्या दशकातली, घुमट आणि बुरूज असलेली. आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सिनेगॉगला म्हणजे प्रार्थनाघराला मशीद म्हणतो ते इथे दिसायलाही खरं वाटतं. पण बघायचं ते बेत मिद्राश, म्हणजे धर्मग्रंथ अभ्यासायचं दालन. वाचनालय समजून मी दबकत आत शिरलो आणि भाजीबाजारात आल्यासारखं वाटलं. जोडीजोडीने बसून पोरं एकमेकांवर ओरडत होती. यालाच हवरुता म्हणतात, तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ, एकट्याने वाचायचा नाही, जोडीदाराशी भांडून वाचायचा. पानाच्या मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला राशी या मध्ययुगीन पंडिताची टीका, दुसरीकडे तोसाफोत, म्हणजे त्यांच्या नंतरच्या पंडितांच्या टिपा. पुतण्याचं चाललं होतं ते बाबा मेझिया, तालमूदचा एक भाग: दोघांनी एकच वस्त्र धरलंय, दोघंही म्हणतात सगळं माझंच. निकाल काय, तर दोघांनी शपथ घ्यायची आणि वाटून घ्यायचं. चाळीस मिनिटं त्या एका कापडावर! सकाळ अशी जाते आणि दुपारी हाच पोरगा अकाउंटिंगच्या वर्गात. ठाण्याला आम्ही हजानच्या, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्याच्या, मागोमाग म्हणत वाढलो, इतकं भांडायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. थोडा हेवा वाटला. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या पद्धतीचा मिनयान (एकत्र प्रार्थना करणारा गट) ही आहे, प्रार्थना ओळखीची निघाली, चाली मात्र नाहीत.

आणि घरचं खाणं नेऊ नका. आईने रोश हशानाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा, गव्हाच्या चिकाचा हलवा मुद्दाम पुन्हा केला होता, नारळाच्या दुधातला, वड्या पाडून, डब्यात कागद घालून. पुतण्याचा मित्र डबा हातात घेऊन उलटासुलटा करून हेखशेरचा, म्हणजे अन्न कोशेर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे) असल्याचा, छाप शोधत होता. ठाण्यातल्या स्वयंपाकघराला कोण छाप देणार? नियम नियमच, त्याची चूक नाही, मीच आधी विचारायला हवं होतं. त्याने दोनदा वास घेतला आणि डबा परत दिला. वाटायचंच असेल तर छाप असलेलं बंद पाकीट न्या.

रविवार-सोमवार छान गेले. हलवा पुतण्याने रात्री जागून एकट्याने संपवला. रिकामी बॅग घेऊन 181ला आलो आणि लिफ्टने खाली गेलो.