तैलबैलाची फेरी आणि क्लबचा जीपीएस

आमच्या जीपवाल्या क्लबसाठी वाट दाखवणारं सामायिक जीपीएस यंत्र घ्यायचं दिवाळीत ठरलं आणि कोणता घ्यायचा यावर जानेवारीपर्यंत नुसती भांडणं झाली. शेवटी खजिनदार वैतागले. म्हणाले, आधी उसने आणा, एक दिवस चिखल-धुळीत फिरवा, मग माझ्याकडे पैसे मागा.

तीन गोष्टी जमवल्या. एक पाच इंची टचस्क्रीनचं यंत्र, एक मुठीत मावणारं बटणांचं, आणि ऑफलाइन नकाशे भरलेला एक जुना मोबाईल. चांदणी चौकातून सहाला पाच गाड्या निघाल्या. पौड, मुळशी, मग निव्याला उजवीकडे वळून भांबर्डेमार्गे तैलबैला. यंत्र दर तासाला दुसऱ्या गाडीत द्यायचं आणि देताना काहीही समजावायचं नाही, एवढाच नियम. सॅटेलाइट पकडण्यात तिघांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो हात बदलल्यावर.

मोबाईलचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, हे आधी काहींना पटतच नव्हतं. चाललं की! पण काचेमागच्या उन्हात तो तापून बंद पडला, आणि रेंज होती तोवर नेमक्या फाट्यावर मालकाच्या घरून फोन यायचा. टचस्क्रीन बघायला झकास. मात्र पुढची काच पाडलेल्या जीपमध्ये तांबडी धूळ पुसायला बोट लावलं की नकाशा दुसऱ्या तालुक्यात. बटणांचं यंत्र मागच्या जिप्सीतल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून पाच मिनिटांत आपलंसं केलं.

फजितीही याच काकांची झाली, पण चूक आमची. जेवणाच्या जागेचा बिंदू आम्ही अंश-मिनिटं-सेकंदांत पाठवला होता. यंत्र होतं अंश आणि दशांश मिनिटांवर. अक्षांशातली ३३ मिनिटं ५० सेकंद त्यांनी ३३.५० मिनिटं म्हणून घातली. ३३.५० म्हणजे ३३ मिनिटं ३० सेकंद. वीस सेकंदांचा फरक, जमिनीवर साधारण सहाशे मीटर. सपाटीवर हाक मारून भागलं असतं. तैलबैलाच्या त्या दोन कातळभिंतींच्या परिसरात सहाशे मीटर म्हणजे मध्ये ओढा. शेवटच्या दोन गाड्या ओढ्यापलीकडे उभ्या, डबे आमच्याकडे, आणि आमच्या पुऱ्या त्यांच्याकडे.

शेवटी घेतला तो बटणांचाच, गार्मिन कंपनीचा ईट्रेक्स २२एक्स. त्याच्या वरच्या ३२एक्समध्ये होकायंत्र आणि बॅरोमीटर जास्त मिळतं, पण चालत्या गाडीची दिशा जीपीएस स्वतःच काढतो, होकायंत्र लागतं ते थांबल्यावर. पायी ट्रेक करणाऱ्यांनी ३२एक्स घ्यावा. पडदा जेमतेम २.२ इंची, तेव्हा चालकाने त्याकडे बघूच नये, शेजारच्याने वाट सांगावी. माझं मत झुकलं ते दोन पेन्सिल (एए) सेलमुळे. कंपनी पंचवीस तास सांगते, आणि रात्री चार्जिंगला कुणी लावायचं हा प्रश्नच उरत नाही. चार्ज होणारे सेल घालणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची खूण खोटं बोलते.

नवीन क्लबांना एक मात्र बजावून सांगतो. परदेशातून कुणी स्वस्तात आणतोय म्हणून सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं मॉडेल मागवू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका परदेशी पाहुणीला गोव्याच्या विमानतळावर त्यावरूनच अडवलं होतं. गार्मिनच्या मॉडेलच्या नावात ‘इनरीच’ किंवा आकड्यानंतर ‘आय’ आहे का, ते आधी बघा.

यंत्रासोबत आता एक पिशवी फिरते. चार जादा सेल, मिनी यूएसबीची केबल (ती आता कुणाच्याच घरात सापडत नाही), एक वही आणि पाठीवर चिकटवलेली पट्टी: दशांश अंश, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो मोजणीचा पाया). जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवरून, बिंदू काढणाऱ्यांसाठी ती दुसरी नोंद. त्या नकाशांचा पाया वेगळा, ‘एव्हरेस्ट’ नावाचा, त्यामुळे बिंदू सरकतो.

परत जाताना पेठ शहापूर, घुसळखांबमार्गे लोणावळा. रविवारी चारनंतर तिथे गाड्यांची रांग लागते, लवकर उतरा. वनखात्याच्या हद्दीतल्या वाटांवर विचारल्याशिवाय चाक घालू नका.

आमच्या वाटेची नोंद असलेली जीपीएक्स फाइल बरेच जण मागतायत. देतो, पण तैलबैलाजवळ एक रेघ ओढ्यात उतरते आणि तिथेच संपते. ती पुसायची राहिली आहे. तिच्यामागे जाऊ नका.