तात्या आणि सात मात्रा

पावसाळ्यात पखवाज रुसतो, असं आमचे तात्या म्हणतात. मालवणात जुलैमध्ये पापडसुद्धा मऊ पडतो, मग चामड्याचं काय घेऊन बसलात! त्या संध्याकाळी गेलो तेव्हा ते ओसरीवर पखवाजाच्या डाव्या पुडीसाठी, म्हणजे चामड्याच्या तोंडासाठी, कणीक मळत होते. जराशी लावायची, थाप मारायची, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा चिमूटभर खरवडून काढायची. घाई केली की 'धा' फाटका निघतो.

मोबाइलवर मी ऐकत होतो बिल ब्रूफर्ड, इंग्लंडचा रॉक ड्रमर. तात्यांनी विचारलं, "हो कोण?" सांगायला घेतलं.

पोरवयात टीव्हीवर जॅझवाले बघून याला नाद लागला. बहिणीने ड्रमवर घासून वाजवायचे ब्रश आणून दिले. ढोल नव्हताच, हा ते रेकॉर्डच्या पुठ्ठ्यांवर घासत बसायचा. (इथे तात्या हसले. त्यांचा पहिला पखवाज म्हणजे आजीचा तांदळाचा डबा.) 1968 मध्ये 'येस' नावाच्या बँडात शिरला, चार वर्षांत नाव झालं आणि 1972 मध्ये, त्यांची पुढे खूप गाजलेली रेकॉर्ड बाजारात येतेय तोवर, हा सोडून 'किंग क्रिमझन' या दुसऱ्या बँडमध्ये!

"चलता दुकान सोडून गेलो? येडो की काय!"

मी गप्प बसलो. कारण तात्यांनी स्वतः दशावताराची चालती पार्टी सोडून मुंबई गाठली, ऑर्केस्ट्रात ड्रमसेट बडवला, परत येऊन डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, धरली, मधल्या काळात लग्नांत बेंजोपार्टीमागे बसले, आणि शिमग्याला पालखीपुढचा ढोल तर कधी सुटलाच नाही. हे सगळं मी फक्त नजरेने सांगितलं.

"माझी गोष्ट येगळी," ते म्हणाले आणि कणीक मळायला लागले.

पुढची कथा अशी. 1976 मध्ये 'जेनेसिस' या बँडचे ड्रमर फिल कॉलिन्स गायला पुढे आले, मागची खुर्ची रिकामी झाली, तिथे ब्रूफर्ड एका दौऱ्यापुरता पाहुणा. अशा पाहुण्याला दुसऱ्याच्या घरातला चहा दुसऱ्याच्या कपातून प्यावा लागतो. मला तरी हे काम सर्वांत अवघड वाटतं. मग त्याने स्वतःचा जॅझचा चमू काढला, 'अर्थवर्क्स'. 2009 मध्ये वाजवणं थांबवलं आणि 2016 मध्ये सरे विद्यापीठातून पीएच.डी. घेतली, तीही ड्रमरांच्या सर्जनशीलतेवर.

"डॉक्टर? ढोल बडवन?" तात्यांचा हात थांबला. एवढा वेळ येडा असलेला माणूस एकदम मोठा झाला.

मग त्या 1976 च्या दौऱ्यातलं पॅरिसचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात एक लांब तुकडा आहे सात मात्रांचा, कॉलिन्स आणि ब्रूफर्ड दोघेही ड्रमवर. रॉकवाले बहुतेक चार मात्रांत चालतात, त्यामुळे तिकडे सात म्हटलं की भुवया वर जातात. तात्यांच्या भुवया जागच्या जागी. कणकेची बोटं मांडीवर हलायला लागली: ती ती ना, धी ना, धी ना.

"रूपक," ते म्हणाले. आपला सात मात्रांचा ताल. "पण सम खंय आसा ह्येंची?" सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा.

तुकडा तीनदा मागे नेला. चौथ्यांदा त्यांना ती सापडली, तेव्हा धोतरावर कणकेचा मोठ्ठा पंजा उमटला होता आणि आतून काकी ओरडत होती.