गिरणीचा फोटो काढायला ऊन नको असतं

मुंबईत लालबाग-काळाचौकीकडे मी गेली दोन वर्षं जुन्या कापड गिरण्यांसाठी कॅमेरा घेऊन फिरतोय आणि पहिलं वर्ष तर सरळ वाया गेलं असं म्हणायला हरकत नाही. संध्याकाळचं सोनेरी ऊन, चिमणीमागे केशरी आकाश, भिंतीतून उगवलेला पिंपळ, लाइक भरपूर मिळाले पण गिरणी कशी होती ते एकाही फोटोत कळत नाही, नुसती हळहळ.

मग बेखर नवरा-बायकोचं काम बघितलं. बर्न्ड आणि हिला, जर्मनीतले फोटोग्राफर. १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे, तेच ते, कितीतरी वर्षं. आभाळ पांढुरकं, सावली नाही, माणूस नाही, समोरून सरळ, आणि मग एकाच जातीच्या नऊ-बारा टाक्या शेजारी शेजारी लावायच्या. पहिल्यांदा मला वाटलं काय बोअर आहे हे, पण पाच मिनिटं बघत बसलं की एकीचे पाय दुसरीपेक्षा बारीक दिसायला लागतात आणि मग थांबताच येत नाही. १९९० ला व्हेनिसच्या बिएनाले या कला-प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं, फोटोंना!

तर तसलं आभाळ आपल्याकडे कधी, तर जूनच्या सुरुवातीला, ढग भरलेत पण पाऊस अजून धरून आहे तेव्हा. खालून काढला की चिमणी मागे पडल्यासारखी दिसते म्हणून समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गेलो, तिथल्या काकूंनी आधी विचारलं, "रिडेव्हलपमेंटवाला आहेस का रे?" नाही म्हटल्यावर चहा दिला, आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे स्वतःच बाजूला केले.

तो फोटो बाबांना दाखवला. आजोबा साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले त्यात तेही, ते परत आत गेलेच नाहीत. बाबा चिमणीकडे बघेचनात, करवतीसारख्या छपराच्या दात्यांवर बोट ठेवून म्हणाले, "काचा सगळ्या उत्तरेला, तुझे आजोबा सांगायचे." म्हणजे थेट ऊन आत येत नाही, दिवसभर उजेड सारखा, सावली न पाडणारा, सूत तुटलं तर लगेच दिसायला हवं ना.

मी ज्या उजेडासाठी अकरा महिने थांबलो तो त्या छपराखाली रोजच होता की! आणि आम्ही सगळे चिमण्यांच्या मागे, कारण त्या लांबून दिसतात आणि फ्रेममध्ये छान बसतात.

आता छपरांचेच फोटो काढायचं ठरवलंय, शेजारी शेजारी लावायला निदान नऊ तरी हवीत. आत्तापर्यंत चार झालीत. पाचव्याच्या उत्तरेला टॉवर उभा राहतोय, सध्या हिरवी जाळी आहे, वॉचमन म्हणतो रविवारी या.