उशीर पायांचा की डोळ्यांचा?

सकाळच्या बास्केटबॉल सरावसामन्यात एका तरुण सेंटरने (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) चार ब्लॉक घेतले, म्हणजे समोरच्यांचे शॉट हवेतच अडवले, आणि बाकावरचे सगळे खूश झाले. वय १९, उंची २.०८ मीटर, हात लांब, बास्केटजवळचं फिनिशिंग उत्तम. मला अहवालात सांगायचं होतं ते एवढंच, की हा बचावात टिकेल का.

ब्लॉकच्या आकड्यावर मी फारसा जात नाही. चारांतले दोन त्याने जोरात बाहेर भिरकावले, म्हणजे चेंडू पुन्हा समोरच्यांकडेच. शिवाय शॉटची हूल दिली की हा हवेत. उडी सरळ वर न जाता पुढे जायची, हात खाली यायचे. तिसऱ्या क्वार्टरमध्येच चार फाउल झाले. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाने पाचव्याला बाहेर.

दुपारी नुसता पिक अँड रोल लावला: एक खेळाडू बचावपटूच्या वाटेत उभा राहून चेंडूवाल्याला वाट मोकळी करतो (हाच स्क्रीन), मग बास्केटकडे वळतो (हा रोल). ड्रॉप बचावात सेंटरने पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या चौकोनात, मागे सरकत राहायचं. चेंडूवाला गार्ड आणि रोल करणारा, दोघांनाही समोर ठेवायचं. हा दर वेळी अर्धं पाऊल उशिरा. मग स्क्रीन कुठल्या बाजूला लागणार ते त्याला आधीच सांगून टाकलं, आणि उशीर जवळजवळ गेला! म्हणजे पाय ठीक, वाचन कच्चं. नजर चेंडूला चिकटलेली, त्यामुळे आपलाच माणूस स्क्रीन लावायला निघालाय हे दिसत नव्हतं. व्हिडिओ दाखवून आणि मैदानावर मोठ्याने बोलायची सवय लावून हे सुधारतं.

स्विचचं, म्हणजे स्क्रीन लागताच बचावपटूंनी आपापल्या माणसांची अदलाबदल करण्याचं, तसं नाही. तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या रेषेवर गार्डसमोर उभा केला, तर डावीकडे बरा सरकला. उजवीकडे जाताना पायांची कैची, कंबर ताठ. बाजू आधी सांगूनही तेच. खुबे मोकळे करायच्या व्यायामांनी थोडा फरक पडतो, पण त्या भरवशावर संघाचा बचाव बेतू नये.

एनबीएतला सेंटर ब्रूक लोपेझ तरी कुठे चपळ होता? २०१८ मध्ये तो मिलवॉकीच्या संघात आला, ड्रॉपमध्ये बास्केटजवळ राहिला आणि २०२३ मध्ये एनबीएच्या पहिल्या बचाव संघात (हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या यादीत) निवडला गेला. फिबात तर बचावाला एनबीएसारखं तीन सेकंदांचं बंधनही नाही, पेंटमध्ये थांबता येतं.

अहवालात लिहिलं: ड्रॉप खेळणाऱ्या संघाने घ्यावा, सतत स्विच करणाऱ्याने नाही. सरावात दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू द्या, म्हणजे हात मारायची सवय तुटेल. एक तपासणी बाकी आहे. ताजंतवानं असताना सगळेच बॉक्स आउट करतात, म्हणजे शॉटनंतर समोरच्याला अंगाने अडवून चेंडूपासून दूर ठेवतात. दमल्यावर, शॉट अडवून झाल्यानंतर, हा लगेच माणूस शोधून अंगावर घेतो का, ते बघायचंय.